घरी आत्ता किती वाजले

दुसरी फेरी संपायला चाळीस सेकंद उरले होते तेव्हा कागोयाच्या डाव्या कानावर लाथ बसली. डोक्यावर हेल्मेट होतं, तरी तो आवाज मला मॅटच्या बाहेर, खुर्चीवर बसल्या जागी ऐकू आला. ओली चादर दगडावर आपटावी तसा. ती पडली नाही. दोन पावलं मागे गेली, गुडघ्यांत जराशी वाकली आणि तिचे हात खाली आले. पंचानं समोरच्या मुलीला बाजूला केलं आणि कागोयाच्या तोंडासमोर एकेक बोट उघडत कोरियन भाषेत आकडे मोजायला लागला. हाना, दुल, सेत. आठव्या आकड्याला तिनं मुठी वर घेतल्या. पंचानं तिच्या डोळ्यांत पाहिलं, मान हलवली आणि लढत पुढे सुरू झाली.

माझ्या शेजारी तिचा मामा बसला होता. तोच तिचा प्रशिक्षक. एरवी लढत चालू असताना तो सारखा ओरडून सूचना द्यायचा. त्या वेळी तो एकदम गप्प झाला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागोयाकडे पाहत होते.

तिसऱ्या फेरीत ती दोन गुणांनी मागे होती. शेवटच्या बारा सेकंदांत तिनं समोरच्या मुलीच्या तोंडावर उजवी लाथ मारली, तीन गुण मिळवले आणि एका गुणानं जिंकली. आफ्रिकेच्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेतली ती उपांत्यपूर्व फेरी होती. अंतिम फेरीत पोचणाऱ्या दोघीही ऑलिंपिकला जाणार असा नियम होता. म्हणजे आता एकच लढत उरली होती. दीड तासानं, दुपारी बारा वाजता, ट्युनिशियाच्या एका मुलीशी. त्या मुलीला कागोयानं आदल्या वर्षी एकदा हरवलं होतं.

या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली. माझा नवरा श्रीरंग साखर कारखान्यात केमिस्ट. सांगली जिल्ह्यातला कारखाना बंद पडल्यावर त्याला युगांडात नोकरी मिळाली आणि आम्ही जिंजा गावापासून थोड्या अंतरावर, उसाच्या मळ्यांत वसलेल्या एका कॉलनीत राहायला गेलो. मी मिरजेत फिजिओथेरपी शिकलेली. कारखान्याच्या दवाखान्यात मला काम मिळालं. पाठ धरलेले ऊसतोडे, मशीनमध्ये हात सापडलेले कामगार, बाळंतपणानंतर कंबर गेलेल्या बायका. तिथली माणसं दवाखान्यातल्या कुणालाही ‘मुसाऊ’ म्हणतात, डॉक्टर काय आणि नर्स काय. मीही मुसाऊ झाले.

कागोयाची आई नाकाटो कारखान्याच्या मळ्यात भांगलणीला जायची. नाकाटोचा जुळा भाऊ वाइस्वा. तिकडे जुळ्यांची नावं ठरलेली असतात, त्यामुळे नुसत्या नावावरूनच कळायचं की ही दोघं एका वेळी जन्मली. वाइस्वा पूर्वी पोलिसात होता. तिथं एका कोरियन माणसानं त्याला तायक्वांदो शिकवलं होतं. नोकरी सुटल्यावर तो गावी आला आणि कारखान्याच्या रिकाम्या गोदामात बारदानाची पोती अंथरून पोरापोरींना शिकवायला लागला. कागोया त्याच्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा बाप तिच्या लहानपणीच घर सोडून गेला होता, त्यामुळे बाप म्हणून तिला ठाऊक होता तो हा मामाच. ती त्याला कोज्जा म्हणायची, म्हणजे मामाच.

मी तिला ओळखायला लागले ती तिच्या गुडघ्यामुळे. ऑलिंपिक पात्रतेच्या दोन वर्षं आधी किगालीच्या एका स्पर्धेत तिचा गुडघा पहिल्याच लढतीत दुखावला होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. मामानं विचारलं तर हसून, काही नाही म्हणाली. आणखी दोन लढती खेळली आणि तिसऱ्या लढतीत गुडघ्याचा अस्थिबंध पूर्ण तुटला. ऑपरेशन झालं आणि पुढे अकरा महिने ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर टेबलावर पाय ठेवून बसायची. त्या अकरा महिन्यांत मी तिला किती वेळा विचारलं असेल, दुखतंय का. उत्तर एकच, नाही. कपाळावर घाम आणि तोंडात नाही. एके दिवशी मी चिडले. म्हटलं, तू खोटं बोलणार असशील तर उद्यापासून येऊ नकोस. तेव्हा तिनं मला शब्द दिला की शरीराच्या बाबतीत ती माझ्याशी पुन्हा खोटं बोलणार नाही.

मी त्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. खेळाडूंवर ठेवायचाच नसतो, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

पात्रता स्पर्धा मोरोक्कोत, समुद्रकाठच्या एका शहरात होती. आमचं पथक म्हणजे आम्ही तिघंच. वाइस्वानं मला बरोबर येण्याची गळ घातली आणि श्रीरंगही म्हणाला, जा. निघायच्या आदल्या दिवशी नाकाटो दवाखान्यात आली. डोक्यावरून हिरव्या केळ्यांचा घड घेऊन आली होती, तो तिनं माझ्या टेबलाशी ठेवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला त्यांची लुसोगा भाषा जेमतेम. तरी तिचं म्हणणं मला कळलं. जिंकली-हरली याचं तिला काही नव्हतं. पोरीला धडधाकट परत आणा, एवढंच तिचं मागणं होतं. आणते, असा मी तिला शब्द दिला. मी तिचा रक्तदाब तपासला, तो नेहमीसारखाच चढलेला होता. गोळ्या चुकवू नको म्हणून मी खुणेनं बजावलं. ती हसली आणि गेली.

हॉटेलात कागोया आणि मी एका खोलीत होतो. मामा शेजारच्या खोलीत. लढतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला कागोयाचा फोन वाजला. तिघांत चालणारा फोन तिचा एकटीचाच होता, माझ्या फोनला तिथं रेंज मिळत नव्हती आणि मामाचा छोटा जुना फोन तर सीमा ओलांडल्यापासून बंदच. ती फोन घेऊन न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कोण होतं विचारलं तर म्हणाली, धाकटी बहीण. मी म्हटलं, शुभेच्छा द्यायला केला असेल. ती हो म्हणाली.

नाश्त्याला तिनं काही खाल्लं नाही. मामानं आग्रह केला तेव्हा अर्धं केळं घेतलं आणि कागदात गुंडाळून ठेवलं. मला त्यात वावगं वाटलं नाही. लढतीच्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरतो?

पहिली लढत नऊ वाजता झाली. कागोया एरवी संयमानं खेळणारी. वाट बघायची, समोरच्याची चूक व्हायची तेव्हाच पाय उचलायची. त्या दिवशी ती पहिल्या सेकंदापासून अंगावर गेली. समोरच्या मुलीला श्वास घ्यायला जागाच दिली नाही. गुणांचा फरक इतका वाढला की पंचांनी लढत दुसऱ्या फेरीतच थांबवली. मामा खुर्चीवरून उठून मला म्हणाला की पंधरा वर्षांत त्यानं तिला असं खेळताना पाहिलं नाही. त्याच्या आवाजात आनंद होता, थोडी भीतीही होती. मग दहा वाजता ती दुसरी लढत झाली, जिच्यात तिच्या कानावर लाथ बसली.

लढत संपल्यावर आम्ही तिला मागच्या हॉलमध्ये नेलं. तिथं खेळाडू अंग गरम करत होते, ठिकठिकाणी चटया टाकलेल्या होत्या. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, हेल्मेट काढलं, कानामागे बर्फ धरला. बाहुल्या पाहिल्या. दोन्ही सारख्या होत्या. चक्कर येतेय का विचारलं. नाही म्हणाली. डोकं दुखतंय का? नाही.

मग तिनं मला विचारलं, “मुसाऊ, घरी आत्ता किती वाजले?”

मी घड्याळ पाहिलं. युगांडाचं घड्याळ तीन तास पुढे. मी म्हणाले, दीड वाजून गेला. तिनं मान हलवली. मी तिच्या पायाला मालिश करायला घेतलं. चार-पाच मिनिटं गेली असतील.

“घरी किती वाजले?”

माझे हात थांबले. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथं काहीच नव्हतं. मी सांगितलं, पावणेदोन व्हायला आले. तिनं पुन्हा मान हलवली. मग एकाएकी तिनं हात तोंडावर धरला, मी शेजारची बादली पुढे केली आणि ती ओकली. पोटात अर्ध्या केळ्याशिवाय काही नव्हतं, ते आणि पाणी. ओकून झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, घरी किती वाजले.

डोक्याला मार बसलेलं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं. सांगितलेलं उत्तर मेंदूत टिकत नाही. ओकारी येते. नजर एका जागी खिळून राहते. हे सगळं मी शिकले होते, पुस्तकात वाचलं होतं, आणि कारखान्यात शिडीवरून पडलेल्या एका फिटरच्या बाबतीत स्वतः पाहिलंही होतं. अशा डोक्यावर लगेच दुसरा मार बसला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतं.

मामा पाण्याच्या बाटल्या आणायला गेला होता. मी कागोयाच्या समोर गुडघ्यांवर बसले आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“कागोया, खरं सांग. काय होतंय?”

तिनं माझे हात बाजूला केले. दाराकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, “माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. दुसरं आहे. संध्याकाळी सांगते.”

“आत्ता सांग.”

“आत्ता नाही. एवढी एक लढत होऊ द्या, मुसाऊ. मग सगळं सांगते. तोवर मला काही विचारू नका.”

किगालीलाही तिनं मनाशी असंच ठरवून दुखणं लपवलं होतं. ही लढत होऊ दे, मग बघू. मी तिला म्हणाले की मी डॉक्टरांना बोलावतेय. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले. पण तेवढ्यात मामा दारातून आत आला आणि तिनं लगेच हात सोडला. मामासमोर ती एक शब्द बोलली नाही.

मी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. तीनदा विचारलेला प्रश्न, ओकारी, ती नजर. हे ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. या लढतीसाठी त्या माणसानं काय काय सोसलं होतं ते मला माहीत होतं. गोदामाचं छप्पर उडालं तेव्हा त्यानं पावसात पोती वाळवली होती. लोक त्याला वेडा म्हणायचे. आता तासाभराच्या अंतरावर ऑलिंपिक होतं. तो ठाम नाही म्हणेल, माझ्याशी भांडेल, अशी मी मनाची तयारी केली होती.

त्यानं मला एवढंच विचारलं, “तुमची खात्री आहे?”

मी म्हणाले, “आहे.”

“मग बोलवा डॉक्टरांना,” तो म्हणाला. “पोरगी राहिली पाहिजे.”

स्पर्धेच्या डॉक्टर एक वयस्क मोरोक्कन बाई होत्या. शांत, कुठलीही घाई नसलेल्या. त्यांनी कागोयाला पडद्यामागे बाकावर बसवलं. मामा आणि मी समोर उभे होतो. आधी त्यांनी पाच शब्द सांगितले आणि उलट क्रमानं म्हणायला लावले. तिनं तीन म्हटले आणि थांबली. मागच्या लढतीत समोर कोण होतं ते विचारलं, तर तिनं पहिल्या लढतीतल्या मुलीचं नाव सांगितलं. एका पायावर उभं केलं, ती डगमगली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग बहुधा तिच्यावरचा ताण हलका करावा म्हणून त्यांनी हसून अगदी साधा प्रश्न विचारला.

“घरी तुझ्या कोण कोण असतं?”

कागोयानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. तिनं मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा तोंड उघडलं. तिच्या गळ्यातून नुसता वाऱ्यासारखा आवाज आला. डॉक्टरांनी थांबून तोच प्रश्न हळूहळू पुन्हा विचारला. तिचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळले होते आणि ती काही सांगू शकत नव्हती.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. त्या इंग्रजीत मला म्हणाल्या की माझी शंका बरोबर होती, वेळेवर बोलावलं ते फार चांगलं केलं. त्यांनी कागोया पुढे खेळण्यास अपात्र असल्याच्या कागदावर सही केली. तीस दिवस कुठलीही लढत नाही. ट्युनिशियाच्या मुलीला न खेळताच विजयी घोषित केलं. ती घोषणा आम्हाला पडद्यामागे ऐकू आली, मागोमाग टाळ्याही.

कागोया रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ती माझ्या अंगावर धावून येईल. तिनं खाली वाकून पायांतले, लाथेचे गुण नोंदवणाऱ्या तारा लावलेले मोजे काढले, एकात एक घालून घडी केली आणि बाकावर ठेवले. मग किती वाजले विचारलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे स्वतःच पाहिलं. तिथं अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

डोक्याचं स्कॅनिंग करायला आम्हाला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. तिथं तीन-साडेतीन तास गेले. स्कॅन स्वच्छ निघालं. तिथल्या तरुण डॉक्टरनं सांगितलं की असला मार स्कॅनमध्ये दिसतोच असं नाही, तेव्हा काळजी घ्या. मी ते मामाला समजावून सांगितलं. तो हो हो म्हणत होता. मला तर जीव भांड्यात पडल्यासारखं झालं होतं. नाकाटोला दिलेला शब्द मी पाळला, पोरगी धडधाकट परत नेतेय, असंच तेव्हा माझ्या मनात होतं.

परत येताना टॅक्सीत मामा पुढे बसला, कागोया आणि मी मागे. समुद्राच्या कडेनं रस्ता होता. बाहेर ऊन होतं, माणसं भिंतीवर बसून शेंगदाणे खात होती. मग कागोया तिच्या भाषेत मामाशी बोलली. दोन-तीन वाक्यं असतील. आवाज सपाट होता, बसचं वेळापत्रक सांगावं तसा.

मामा मागे वळला नाही. मला फक्त त्याची मान दिसत होती. ती मान हळूहळू पुढे झुकत गेली. मग त्यानं ड्रायव्हरच्या हाताला स्पर्श केला. गाडी थांबली. तो खाली उतरला, रस्ता ओलांडून समुद्राकडच्या भिंतीपाशी गेला आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. आमच्याकडे पाठ करून.

मी कागोयाला विचारलं, काय सांगितलंस.

“आई गेली,” ती म्हणाली. “काल दुपारी. मळ्यात भांगलताना पडली, उठलीच नाही. आज दोन वाजता तिला पुरलं.”

ती सांगत राहिली. सकाळचा फोन त्याचाच होता. बहिणीनं सांगितलं होतं, कोज्जाला दे, त्याच्याशी बोलायचंय. तिनं मामाला फोन दिला नाही. दिला असता तर तो खुर्चीवर बसू शकला नसता. जुळ्यातलं एक गेलं की दुसऱ्याचं अर्धं अंग जातं असं तिकडे मानतात. त्याला कळलं असतं तर त्यानं तिला खेळू दिलं नसतं, आणि स्वतः तिथंच कोसळला असता. विमान दोन दिवसांनी होतं. काही केलं तरी पुरायच्या वेळेला दोघांनाही पोचता येणार नव्हतं. मग निदान लढत तरी होऊ दे, असं तिनं न्हाणीघरात नळ चालू ठेवून ठरवलं होतं. ऑलिंपिकची जागा मिळवायची आणि मग मामाला दोन्ही एकदम सांगायचं. म्हणजे त्याच्या हातात काहीतरी असेल.

“दोन वाजले की थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, एवढंच मला करायचं होतं,” ती म्हणाली.

मामा बराच वेळ त्या भिंतीपाशी उभा होता. परत आला तेव्हा त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं, कागोयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, “मुसाऊ, तुम्ही तुमचं काम केलंत.” तो मनापासून म्हणाला होता. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिच्या डोक्याला खरोखर मार बसला होता की नाही, ते आजही मला सांगता येणार नाही. त्या रात्री ती झोपली, दुसऱ्या दिवशी तिला डोकेदुखी नव्हती, चक्कर नव्हती. पाच शब्द तिनं मला न चुकता उलटे म्हणून दाखवले. मी विचारलं नव्हतं, तिनं आपणहून म्हणून दाखवले.

आम्ही परत गेलो तेव्हा केळीच्या बागेत ताज्या मातीचा ढिगारा होता. वाइस्वा त्याच्यापाशी तीन दिवस बसून राहिला. त्यानंतर त्यानं गोदाम उघडलं नाही. मुलं येऊन बंद दारापाशी वाट बघायची, मग यायची थांबली. कारखान्यानं त्या जागेत खताच्या गोण्या ठेवल्या. मी एक-दोनदा त्याच्या घरी गेले. तो उठून खुर्ची द्यायचा, चहा करायला सांगायचा, प्रकृती विचारायचा. तायक्वांदो हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. पुढची पात्रता स्पर्धा चार वर्षांनी होती. कागोयाला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली असती, मामाशिवाय ती उभी राहणार नव्हती आणि मामा खुर्चीवर बसणार नव्हता. याबद्दल त्या दोघांत काही बोलणं झालं की नाही ते मला माहीत नाही. झालं नसावं.

कागोया रोज आईच्या जागी मळ्यात जाऊ लागली. धाकट्या बहिणीची शाळा होती. मला वाटेत भेटली की मान लववायची, पण दवाखान्यात यायची नाही.

आठ महिन्यांनी ती एके दिवशी सकाळी आमच्या क्वार्टरवर आली. नवा शर्ट, नवे बूट, हातात एक बॅग. आखातात एका मॉलमध्ये सिक्युरिटी गार्डची नोकरी मिळाली होती. मारामारीचं शिक्षण आहे म्हणून लगेच घेतलं, असं सांगताना ती किंचित हसली. एजंटची गाडी फाटकापाशी थांबली होती, तिला दहा मिनिटं होती. श्रीरंगचा करारही संपत आला होता, आमच्या घरात खोकी बांधून पडली होती. मी तिला आत बोलावलं, पण ती व्हरांड्याच्या पायरीवरच बसली. मी तिच्या शेजारी बसले.

“मुसाऊ, एक विचारायचंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी हॉलमध्ये तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही मला लढू दिलं असतं?”

खरं उत्तर मला माहीत होतं. नसतं दिलं. कानावर लाथ बसली होती, पंचानं आठपर्यंत आकडे मोजले होते, ती माझ्यासमोर ओकली होती. तिची आई गेली हे कळलं असतं तरी यातलं काही खोटं ठरत नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलंच असतं. कदाचित जास्तच घाईनं बोलावलं असतं.

पण ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती, थोड्याच वेळात ती विमानतळाच्या रस्त्याला लागणार होती. मला वाटलं, जाताना हिला एवढं तरी मिळावं. निदान कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला असता, एवढं तरी ती बरोबर घेऊन जाईल.

“हो,” मी म्हणाले. “दिलं असतं.”

बॅगेच्या पट्ट्याशी तिची बोटं चाळा करत होती, ती थांबली. मग तिनं सावकाश मान हलवली, एखादं कोडं सुटल्यासारखी.

“म्हणजे चूक माझीच,” ती म्हणाली. “मी बोलायला हवं होतं. कोज्जा तेव्हा पाणी आणायला गेला होता. आपण दोघीच होतो. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी सांगितलं नाही. आठ महिने मी मनातल्या मनात तुम्हाला दोष देत होते. मला माफ करा.”

ती उठली आणि तिकडच्या बायका मोठ्या माणसापुढे करतात तसे तिनं व्हरांड्याच्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकले, ऑपरेशन झालेला गुडघासुद्धा. मी तिला उठवायला दोन्ही दंड धरले. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. फाटकापाशी हॉर्न वाजला, ती उठली, बॅग खांद्याला लावली आणि गेली.

सांगलीला परत आल्यावर मी दोन-तीन वेळा तिच्या नंबरवर फोन लावला. तो बंद झाला होता. वाइस्वाला निरोप द्यावा म्हटलं तर तो दुसऱ्याच वर्षी वारल्याचं श्रीरंगच्या एका मित्राकडून कळलं. कागोया आज कुठे आहे, मला माहीत नाही. कुठेही असली तरी त्या दिवशीची चूक तिची होती, असंच ती समजत असणार. तिला तसं मी सांगितलंय.